माइक नंतर घ्या

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सात-आठ जणांचा गट आहे, बहुतेक निवृत्त शिक्षक, एकीची भाची न्यू जर्सीत. जुन्या मराठी कविता आपापल्या आवाजात रेकॉर्ड करायच्या आणि कोणालाही फुकट ऐकता येतील, उतरवून घेता येतील अशा ठेवायच्या. त्यासाठी तीन गोष्टी विचारल्यात. माइक कुठला घ्यावा, कुठल्या कवींना हात लावलेला चालतो, आणि कविता चालीवर म्हणावी की नुसती वाचावी.

माइकचं आधी उरकते. गटात ज्याच्याकडे बरा मोबाइल आहे त्यावर पहिल्या पंचवीस कविता करा. पैसे खर्च करायचे की नाही ते त्यानंतर ठरवा. मी चौदा वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचते आहे, त्याआधी काही वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका होते, आणि गेली आठ वर्षं एका लहानशा गटाबरोबर कविता मोफत ठेवण्याचं काम करते. या काळात असे चार-पाच गट सुरू होऊन बसलेले पाहिले. माइक वाईट म्हणून एकही बसला नाही. एका गटाच्या साठ कविता रेकॉर्ड झाल्या होत्या, पण कोणी तपासलेल्याच नव्हत्या. दुसऱ्यात कोणाची कविता घेता येते यावरून भांडण झालं. आणि एकात सगळ्यांनी सगळ्या कविता एकाच शाळकरी ठेक्यात म्हटल्या. वीस ऐकल्यावर स्वतः म्हणणाऱ्यांनाच कंटाळा आला.

म्हणून मला तुमचा खरा प्रश्न वेगळा वाटतो. ज्याच्या हातात पुस्तक नाही, ज्याने ही कविता कधी पाहिलेली नाही, अशा माणसाच्या कानापर्यंत ती धड पोचवायची कशी? कुठल्या कविता, कुठल्या छापील प्रतीवरून, कशा म्हणायच्या आणि कोणी तपासायच्या, हे सगळं त्यातून ठरतं.

आता कवी. मी वकील नाही, पण हे नियम मला सारखे लागतात. भारतात १९५७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा आहे. त्याप्रमाणे कवी ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. पूर्वी ती पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपत आला तेव्हा ती साठ केली गेली. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८, गडकरी म्हणजे गोविंदाग्रज आणि रेव्हरंड टिळक दोघेही १९१९, माधव ज्यूलियन १९३९, भा. रा. तांबे १९४१, ‘बी’ म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते १९४७. हे सगळे भारतात मोकळे आहेत, म्हणजे परवानगी लागत नाही. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०१७ पासून तेही मोकळे. सावरकरांच्या कवितांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. अत्रे १९६९ मध्ये गेले, तेव्हा त्यांची ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेली विडंबनं २०३० उजाडेपर्यंत थांबायची. बोरकर १९८४, कुसुमाग्रज १९९९, इंदिरा संत २०००: यांना तुमच्या यादीत जागा नाही, कितीही पाठ असल्या तरी. अमुक कवितेची रेकॉर्डिंगं सगळीकडे फिरतात, मग आपण केली तर काय बिघडलं, हे कोणीतरी म्हणेलच. बिघडतं इतकंच की एका कवितेवर हरकत आली की अख्ख्या संग्रहाकडे लोक संशयाने बघतात.

दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, कवीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या कविता. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. अशा वेळी साठ वर्षं प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात, म्हणून त्या पुस्तकातली गाणी २०१३ पासून मोकळी. पण एखादी रचना त्यानंतर पहिल्यांदा छापली गेली असेल तर तिचा हिशोब वेगळा, त्यामुळे हातातली आवृत्ती कुठली ते बघा.

दुसरं, तुमची भाची. ती तिकडून रेकॉर्ड करून तिकडच्या ठिकाणी चढवणार असेल तर अमेरिकेचा हिशोब लागू होतो. तो कवीच्या मृत्यूवर नाही, पहिल्या प्रकाशनावर चालतो: साधारण पंचाण्णव वर्षं. २०२५ च्या सुरुवातीला तिथे १९२९ सालापर्यंत छापलेलं मोकळं झालं. दरवर्षी ही रेघ एकेक वर्ष पुढे सरकते. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज यांची अडचण नाही. पण मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. भारतात तो मोकळा आहे आणि अमेरिकेत २०४२ संपेपर्यंत नाही. लिब्रिवॉक्स हा २००५ मध्ये ह्यू मॅकग्वायर यांनी सुरू केलेला स्वयंसेवकांचा उपक्रम अमेरिकेचा नियम धरतो, आणि विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्र-ध्वनी संग्रहाला दोन्हीकडे मोकळं लागतं. तेव्हा यादी करताना दोन रकाने ठेवा, ‘इथे’ आणि ‘तिथे’. पहिली पन्नास नावं दोन्हीकडे चालणारी घ्या, म्हणजे हा वाद घरात शिरत नाही.

संतकवी आणि पंडितकवी यांच्या मूळ शब्दांवर अर्थातच कोणाचा हक्क नाही. पण आजच्या संपादकाने लिहिलेला अर्थ, टीपा, प्रस्तावना त्याच्या असतात. त्या वाचू नका. गटात कोणी गोव्याचं असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ जरूर विचारात घ्या. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, मराठी ओव्या पण रोमन लिपीत! त्यातला मराठी भाषेच्या स्तुतीचा भाग आमच्या गटातल्या एका गोव्याच्या ताईंनी वाचला. सानुनासिक स्वर त्यांच्या तोंडात असे काही बसले होते की आम्ही बाकीचे गप्पच बसलो.

आणि चाल. ‘चाफा बोलेना’ म्हटलं की लताबाईंचा आवाज कानात सुरू होतो. शब्द ‘बीं’चे, ते मोकळे, चाल वसंत प्रभूंची, तिचा हक्क वेगळा. लोकप्रिय गाण्याच्या चालीत कविता गुणगुणलीत तर कवीची परवानगी लागत नसली तरी संगीतकाराची लागते. वाचलीत तर हा प्रश्नच येत नाही. वाचण्याच्या बाजूने माझं एक मत त्यामुळेही झुकतं, पण खरं कारण पुढे सांगते.

त्याआधी कवितेच्या छापील पाठाबद्दल, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. सुरुवातीच्या काळात मी जवळजवळ चाळीस कविता एका जुन्या क्रमिक पुस्तकावरून वाचल्या. माझ्याच लहानपणीचं पुस्तक, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. वर्षभराने एका ऐकणाऱ्या आजोबांनी कळवलं की अमुक कवितेत दोन कडवी गायब आहेत आणि एका ओळीत शब्द बदललाय. मूळ संग्रह काढून पाहिला. त्यांचं बरोबर होतं, आणि तसं आणखी अकरा कवितांत झालेलं होतं. शाळेच्या पुस्तकात कडवी गाळणं हे त्या पुस्तकाच्या दृष्टीने योग्यच असेल. मुलांना एका तासात शिकवायचं असतं. पण मी शीर्षकात ‘संपूर्ण’ लिहून बसले होते. बाराच्या बारा पुन्हा रेकॉर्ड केल्या.

तेव्हापासून नियम असा: कवीच्या संग्रहाची जुनी छापील आवृत्ती किंवा तिचं स्कॅन समोर असल्याशिवाय वाचायचं नाही. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर बरंच टंकलेलं मिळतं, तेही स्कॅनशी ताडून. इकडून तिकडून उतरवलेल्या प्रतींत काय होतं ते एका ओळीत दाखवते. केशवसुतांची ही सुरुवात सगळ्यांना माहीत आहे:

आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके
देवाचे, दिधले असे जग तये आम्हास खेळावया

शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यानंतर यती, म्हणजे थांबा. ‘म्हणूनि’ यात णू दीर्घ, नि ऱ्हस्व. ‘म्हणुनि’ छापलं की वृत्त लंगडतं, ‘म्हणूनी’ छापलं तरी लंगडतं. आजच्या शुद्धलेखनाच्या सवयीने शेवटचा इकार दीर्घ करणारे हात पुष्कळ आहेत, आणि वाचणारा छापलंय तसं वाचतो.

याच दोन ओळींवर म्हणण्याचंही सगळं सांगता येईल, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबते.

दहापैकी आठ जण ‘लाडके’पाशी थांबतात, कारण ओळ संपते. मग श्वास घेऊन म्हणतात, ‘देवाचे दिधले असे जग’. ज्याला कविता माहीत नाही त्याच्या कानाला काय कळलं? आम्ही लाडके आहोत, आणि देवाचं जग कोणीतरी दिलंय. कवी म्हणतोय की आम्ही देवाचे लाडके आहोत, आणि हे जग त्याने आम्हाला खेळायला दिलंय. कागदावर स्वल्पविराम दिसतो म्हणून वाचणाऱ्याला अर्थ कळतो. ऐकणाऱ्याला स्वल्पविराम आपल्या थांबण्यातूनच मिळतो. तेव्हा ‘लाडके’चा के किंचित लांबवायचा, आवाज खाली पाडायचा नाही, तसंच ‘देवाचे’वर उतरायचं आणि तिथे थांबायचं. ओळीचा शेवट कानाला जाणवतो, वाक्य मात्र तुटत नाही.

हे जमायला उपाय जुनाच आहे. संस्कृतच्या तासाला आपण अन्वय लावायचो, तसा प्रत्येक कवितेचा अन्वय आधी लावा. चक्क पेन्सिलीने गद्यात लिहा: कर्ता कोण, क्रियापद कुठे, ‘तये’ म्हणजे कोणी. गटातले शिक्षक हे झोपेत करतील. अन्वय लावल्यावर कविता एकदा गद्यासारखी मोठ्याने बोला आणि मगच वृत्तात परत या. मी हे वगळून रेकॉर्ड केलेली प्रत्येक कविता मला नंतर ओळखू येते. तिथे माझा आवाज आत्मविश्वासाने काहीच सांगत नसतो.

दुसरी गोष्ट अक्षरांची. बोलताना आपण ‘कोण्’, ‘काय्’, ‘लाड्के’ म्हणतो. वरच्या ओळीत तसं म्हटलं तर एकोणीसातली तीन अक्षरं तिथेच गळाली. वृत्ताला सोळा उरली आणि ठेका ढासळला. उलट ‘कोणऽ’, ‘कायऽ’ असा प्रत्येक अकार ठासून म्हटला तर पौरोहित्य चालल्यासारखं वाटतं. मी शेवटचा अकार नुसता सोडते. जीभ उचलायची, स्वर हलका सुटू द्यायचा, त्यावर जोर द्यायचा नाही. हे लिहून कळणार नाही. ‘लाडके’ हा शब्द आधी रोजच्यासारखा, मग तीन टाळ्यांवर, मग टाळ्या मनात ठेवून म्हणून बघा. तिसऱ्यांदा जो उच्चार होतो तो हवा.

जुन्या छपाईतले अनुस्वार ही तिसरी खोच. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांआधीच्या पुस्तकांत उच्चारात नसलेले अनुस्वार भरपूर आहेत. बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये ‘गांव’, ‘झांकळुनी’, ‘जळांत’ असं छापलेलं दिसेल. तिथे नाकात काही जायचं नाही. पण त्याच कवितेतल्या ‘पांढरी’चा अनुस्वार स्पष्ट उच्चारायचा. तरुण वाचकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. आमच्याकडच्या एका मुलीने ‘झाङ्कळुनी’ इतक्या मनापासून म्हटलं होतं की तिला थांबवताना मलाच वाईट वाटलं. तसेच च आणि ज. ‘जरा थांब’ मधला ज आणि ‘जरा-मरण’ मधला ज एक नाहीत. शंकेच्या शब्दांवर प्रतीत पेन्सिलीने खूण करून ठेवा, माइकसमोर बसून ठरवू नका.

आता चालीचं. याला सरसकट उत्तर नाही. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच एका ठेक्यात म्हटले गेलेत. ते पाठ व्हावेत म्हणूनच तसे रचलेत. तिथे पारंपरिक म्हणणं ठेवा, फक्त आगगाडी होऊ देऊ नका: दर श्लोकाला एकदा वेग मोडा. आर्या, ओवी, भूपाळी यांनाही त्यांचं म्हणणं असतं, ते ज्याच्या घरात चालत आलं आहे त्याने म्हणावं. केशवसुतांपासून पुढे मात्र मी वाचनाच्या बाजूने आहे. ‘श्रावणमासी’ आपण शाळेत वर्गाने एका सुरात म्हटली. त्या सुरात ऊन आणि सर दोन्ही सारखीच वाजतात. पुढच्या ओळीत काय घडतंय याला म्हणणाऱ्याचा आवाज उत्तरच देत नाही. आणि हा सूर माहीत नसलेल्या मुलाला, समजा बडोद्यात किंवा लंडनमध्ये वाढलेल्या, तो आठवणीचा आनंदही देत नाही. त्याच्याजवळ फक्त शब्द आहेत. ते नीट द्या.

पण वाचन म्हणजे नाट्य नव्हे. आवाजात थरथर आणणं, ‘हाय’ शब्द आला की उसासा टाकणं, मागे बासरी लावणं, हे सगळं पहिल्यांदा छान वाटतं आणि तिसऱ्यांदा नकोसं होतं. मोफत रेकॉर्डिंग लोक पुन्हा पुन्हा ऐकतात, हे ध्यानात ठेवा. आमच्याकडचा एक अंध विद्यार्थी परीक्षेआधी एकेक कविता वीस-पंचवीस वेळा ऐकायचा. त्याने मला एकदा स्पष्ट सांगितलं, “मॅडम, रडू तुमचं नको, माझं मला येतं.”

बहिणाबाईंबद्दल वेगळं सांगायला हवं. ‘मन वढाय वढाय’ मधलं वढाय म्हणजे ओढाळ. जळगावकडच्या त्या लेवा गणबोलीत ळ चा य होतो. मी पुण्याची. माझ्या तोंडून ती बोली म्हणजे गावाकडचा वेष घालून फोटो काढल्यासारखं होतं. मी दोन गाणी रेकॉर्ड केली, ऐकली आणि पुसली. खानदेशातलं कोणी भेटेपर्यंत ती यादीत ‘थांबलेली’ म्हणून ठेवली. दीड वर्षाने भेटल्या एक बाई, आणि त्यांनी एका दुपारी नऊ गाणी दिली. तुमच्या गटात कोण कुठलं आहे ते आधी विचारून घ्या. बोली आपलीच असणारा माणूस आवाजाने कच्चा असला तरी चालतो.

इथपर्यंतचं म्हणजे: दोन रकान्यांची यादी, जुनी प्रत, अन्वय, आणि खुणा केलेला कागद. हे हातात असेल तर रेकॉर्डिंगला फार वेळ लागत नाही.

खोलीचं सांगते. घरातली उत्तम जागा म्हणजे कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. त्याच्याकडे तोंड करून बसायचं, मागे दोरीवर गोधडी. पंखा बंद, फ्रिजचा आवाज येत असेल तर तो दहा मिनिटं बंद (पुन्हा लावायला विसरू नये म्हणून मी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते). वेळ पहाटेची किंवा दुपारी तीनची. बाकी वेळ कुकरच्या शिट्ट्यांची आणि कबुतरांची. मोबाइल विमान-मोडवर, तोंडापासून वीतभर, पण समोर नाही, जरा बाजूला. नाहीतर प, फ, भ वर फुंकर बसते. सुरुवातीला पाच सेकंद काही न बोलता खोलीचा आवाज रेकॉर्ड होऊ द्या. चूक झाली तर थांबवू नका. टिचकी वाजवा आणि ओळ पहिल्यापासून म्हणा. टिचकी आवाजाच्या आलेखात काटकीसारखी उभी दिसते, कापणाऱ्याला शोधावं लागत नाही. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर कापायला पुरतं. आवाजाची उंच शिखरं उणे सहा ते उणे तीन डेसिबलच्या दरम्यान ठेवा.

खरखर काढण्याची सोय त्यात आहे आणि ती मोहात पाडते. मी एकदा एका ज्येष्ठ गृहस्थांच्या तीस कवितांवर ती सढळ हाताने चालवली, आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, आणि मूळ फाइली मी जागा वाचवायला पुसून टाकल्या होत्या. त्यांनी सगळ्या पुन्हा वाचल्या, एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणून जास्त लागलं. मूळ वेव्ह फाइल जपून ठेवा, दोन ठिकाणी. वाटायला एमपीथ्री, मोनो, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १२८ केबीपीएस. मिनिटाला साधारण एक एमबी होतो, गावाकडच्या नेटवरही उतरतो. आपापसांत व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट म्हणून पाठवली की आवाज चेपला जातो.

सुरुवातीला फक्त तीन गोष्टी बोला: कवितेचं नाव, कवी, वाचणारा. रसग्रहण नको. शेवटी चार-पाच सेकंद शांतता सोडा. लागोपाठ ऐकणाऱ्याला दोन कवितांमध्ये श्वास मिळतो.

मग तपासणं. गटातल्या निदान दोघांनी वाचायचंच नाही, फक्त ऐकायचं, आणि ही दोघं सगळ्यांत चिकट असावीत. पहिल्यांदा पुस्तक मिटून ऐकायचं आणि कळलं ते एका वाक्यात लिहायचं. दुसऱ्यांदा जुनी प्रत समोर धरून. त्यांनी तीनच गोष्टी परत पाठवायच्या: शब्द चुकला किंवा गळला, आवाजात अडथळा आला, किंवा पुस्तक मिटून अर्थ लागला नाही. ‘मी असती तर अशी म्हटली नसती’ हे चालणार नाही. लिब्रिवॉक्समध्येही तपासणारा मजकूर आणि तांत्रिक बाजू पाहतो, शैलीवर बोलत नाही. आमच्याकडे हा नियम आला त्या महिन्यापासून रुसवे संपले. निवृत्त शिक्षकांच्या गटात हा नियम पहिल्या दिवशीच भिंतीवर लावा. लाल पेन सुटायला वेळ लागतो, हे मी प्रेमाने म्हणते.

परवान्याचं विसरू नका. कविता मोकळी असली तरी तुमचं रेकॉर्डिंग आपोआप मोकळं होत नाही. भारतात ध्वनिमुद्रणावर साठ वर्षांचा हक्क असतो आणि वाचणाऱ्याचा कलाकार म्हणून वेगळा पन्नास वर्षांचा. ‘फुकट आहे, घ्या’ एवढं पुरत नाही. एखाद्या शिक्षिकेला ते आपल्या धड्यात जोडायचं असेल तर तिला लेखी काहीतरी हवं. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी सीसी-झीरो (काहीच अट नाही) किंवा सीसी-बाय (फक्त नाव द्यायचं) लावा आणि प्रत्येक वाचकाकडून एक ओळीची लेखी संमती घ्या. ‘व्यापारी वापर नको’ ही अट घालावीशी वाटेल. विकिमीडिया कॉमन्स ती स्वीकारत नाही, आणि जाहिराती दाखवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवणं व्यापारी की नाही यावर वाद होत बसतो. आम्ही सीसी-बाय घेतला, म्हणजे नाव दिलं की झालं. मात्र संमती घेण्याआधी हे सांगा की परवाना मागे घेता येत नाही, आणि उद्या कोणी तो आवाज जाहिरातीत किंवा यंत्राला बोलायला शिकवण्यासाठी वापरला तर अडवणं कठीण. आमच्याकडे दोघांनी हे ऐकून नको म्हटलं. त्या दोघी आता तपासतात. ठेवायला इंटरनेट आर्काइव्ह हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय सोयीचं पडतं. फाइलीच्या नावात कवी, कविता आणि वाचक, तिन्ही असू द्या.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती की गटातल्या एकीला अंध शाळेतल्या मुलांसाठी कुसुमाग्रज हवेत. त्याला वेगळी वाट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात प्रत करायची मुभा आली आहे, हक्क चालू असलेल्या साहित्याचीही. अंधांना पुस्तकं सुलभ रूपात मिळावीत यासाठीचा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करणाऱ्यांत भारत पहिला, २०१४ मध्ये. पण ती प्रत नफ्यासाठी नसावी आणि ज्यांच्यासाठी केली त्यांच्यातच राहावी. म्हणजे शाळेला किंवा अंधांच्या ग्रंथालयाला द्या, सार्वजनिक चढवू नका. हे काम खुल्या संग्रहापासून वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या माणसाकडे ठेवा. एकाच फोल्डरमध्ये ठेवलं की कधीतरी कोणीतरी चुकून सगळंच चढवतं.

सुरुवात ‘औदुंबर’ने करा. आठच ओळी आहेत, मिनिटभरही लागत नाही. सगळ्या आठ जणांनी तीच कविता आपापल्या घरी वाचा आणि रविवारी एकत्र बसून आठही ऐका. ‘असला औदुंबर’मधल्या ‘असला’वर कोण थांबतं, कोण नाही, आणि ते ऐकताना डोह डोळ्यांपुढे कोणाच्या वाचनात आला, एवढंच बोला. पंचवीस कविता झाल्या की माइकचं मला पुन्हा विचारा. तोवर कोणाच्या घरी दोन जास्तीच्या गोधड्या आहेत ते बघून ठेवा.